सेरोटोनिन परत उचलणारं प्रथिन

चेतापेशीने निरोप पोचवायला सोडलेलं सेरोटोनिन हे रसायन वाया जात नाही. सोडणाऱ्या पेशीच्याच पटलावर बसलेलं एक वाहक प्रथिन ते परत आत ओढतं आणि ते पुन्हा पुटिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या चिमुकल्या पिशव्यांमध्ये, भरलं जातं. ही पुनर्वापराची कल्पना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्या कामातून पुढे आली. त्यांना 1970 मध्ये नोबेल मिळालं.

हे प्रथिन पटलातून 12 वेळा आरपार जातं. मधल्या खोबणीत सेरोटोनिनसोबत सोडियम आणि क्लोराइड बसले की बाहेरचं दार मिटतं आणि आतलं उघडतं. माल आत सुटतो. मग पोटॅशियम प्रथिनाला पूर्वस्थितीत आणतं. दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडत नाहीत, आणि मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. जोर मिळतो तो सोडियमच्या उतारातून, म्हणजे ते पेशीबाहेर जास्त आणि आत कमी असण्यातून. तो उतार टिकवणारा पंप बंद पडला तर वाहकही थांबतो.

एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध त्याच खोबणीत अडकून बाहेरचं दार उघडंच ठेवतं, म्हणून सेरोटोनिनला जागा उरत नाही. अडथळा काही तासांत येतो, पण मन सावरायला काही आठवडे लागतात, बहुधा सेरोटोनिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहक प्रथिनांना जुळवून घ्यायला वेळ लागतो म्हणून. डोपामिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या वाहकावर कोकेन असंच अडकतं. अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक मात्र स्वतः आत शिरतं आणि वाहक उलटा चालवतं!

फ्लुओक्सेटिन हे याच वाहकाला अडवणारं औषध बंद केल्यावर एमएओ रोधक (सेरोटोनिन मोडणारं विकर थांबवणारं औषध) सुरू करण्याआधी किमान 5 आठवडे थांबावं लागतं. त्याचं चयापचयातून बनलेलं रूप शरीरात रेंगाळतं, आणि दोन्ही एकत्र आल्यास सेरोटोनिन जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं.