गॅस कमी नव्हता

गेल्या मे महिन्यात भर दुपारी इंदूरला पलासियाच्या सिग्नलवर बायकोने पर्समधून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि मानेवर ठेवला. बोलली काहीच नाही. गाडीचा एसी चालू होता, पंखा पूर्ण सोडला होता, आणि समोरच्या झडपांतून येत होती ती नुसती कोमट हवा. सिग्नल सुटला, गर्दीतून बाहेर पडून बायपासला लागलो आणि पाच-सात मिनिटांत गाडी गार झाली. देवासला मेव्हणीच्या दारात उतरेपर्यंत उत्तम. संध्याकाळी परत येताना इंदूरच्या हद्दीत शिरलो, वेग कमी झाला, की पुन्हा तोच कोमटपणा.

थांबलो की गरम, पळालो की गार. दुखणं काय आहे ते गाडी स्वतःच इतकं स्वच्छ सांगत होती, आणि मी ते दोन उन्हाळे ऐकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण माझं अख्खं आयुष्य याच कामात गेलं. एकतीस वर्षं मी बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्लांट सांभाळला. माळव्याचा बटाटा चिप्सवाल्यांना हवा असतो, कारण त्यात साखर कमी. आणि तो फार गार ठेवला की साखर वाढते, चिप्स काळे पडतात. म्हणून एका खोलीत बियाण्याचा माल २ ते ४ अंशांवर आणि दुसरीत चिप्सचा माल १० ते १२ अंशांवर, असं महिनोन् महिने राखायचं. एका अंशाचीही चूक खपत नसे.

गाडी पोर्शे बॉक्स्टर, २००१ सालची, २.७ लिटरचं इंजिन. जाणकार तिला ९८६ म्हणतात. निवृत्त झालो त्या वर्षी पुण्याहून घेतली आणि स्वतः चालवत आणली. छत काळ्या कापडाचं, मागची खिडकी काचेची नाही, प्लास्टिकची. काच २००३च्या मॉडेलपासून आली. हिवाळ्यात छत खाली करून मांडूला जाण्यासारखं सुख नाही. पण उन्हाळ्यात ते काळं कापड तापतं तेव्हा डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटतं, आणि अशा गाडीला एसी चांगलाच लागतो.

इंजिन दोन सीटच्या मागे. एसीचा कॉम्प्रेसरही तिथेच, इंजिनला धरून. उष्णता बाहेर टाकणारे कंडेन्सर मात्र नाकाशी, बंपरच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या भोकांमागे, एकेक रेडिएटरच्या पुढ्यात. म्हणजे गॅस मागून निघतो, गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळीतून पुढे येतो, दोन कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रव होतो, मग आतल्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि तिथली उष्णता घेऊन परत मागे जातो. ही फेरी डोळ्यांसमोर आली की अर्धं निदान झालंच.

मी गाडी तीन ठिकाणी दाखवली. पहिल्याने बोनेटही नीट न बघता सांगितलं, "गैस कम है, भरवा लो." भरली. पंधरा दिवस बरं वाटलं, पण तेवढ्यात पाऊस सुरू झाला होता. पुढच्या एप्रिलला दुसऱ्याने आणखी भरली. तिसरा म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, आणि जो आकडा सांगितला त्यात एक चांगली सेकंडहँड स्कूटर आली असती. तिथे मी थांबलो. कॉम्प्रेसर गेला असता तर बायपासला तरी गार हवा कशी आली असती?

हे "गॅस कमी आहे" प्रकरण मला मनापासून खटकतं. गॅस म्हणजे पेट्रोल नाही. तो संपत नाही, जळत नाही. बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळलेला आहे, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. कोल्ड स्टोरेजला गारवा देणारा अमोनिया गळला की नाक लगेच सांगतं, अख्खी शिफ्ट बाहेर पळते. गाडीच्या एसीतला गॅस, आर-१३४ए, गुपचूप जातो. आणि तो हवेत सोडणं निरुपद्रवी नाही: एक किलो आर-१३४ए वातावरण तापवायला १४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा मानतात. नळी सैल करून फुस्स करून सोडणारे लोक मी पाहिलेत. माझ्या पोटात तुटतं.

तर एका रात्री, साडेदहाच्या सुमाराला, आमच्या लोकमान्य नगरच्या अंगणात गाडी चालू केली, एसी लावला आणि खाली उतरून बंपरपाशी उकिडवा बसलो. एसी लावल्याबरोबर पुढचे दोन्ही पंखे हळू वेगात फिरायला हवेत, अशी या गाडीची रचना आहे. हात बंपरच्या भोकाशी धरला. काहीच नाही. ना आवाज, ना वारा. चार-पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. मग एकदम दोन्ही पंखे पूर्ण वेगाने घोंघावत सुरू झाले, शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला, आणि थोड्या वेळाने पंखे जसे सुरू झाले तसेच एकदम बंद. पुन्हा शांतता.

मला तिथल्या तिथे कळलं. पंख्यांचा मोठा वेग आहे, लहान वेग गेलाय. लहान वेगासाठी वीज एका रेझिस्टन्समधून जाते. तो जळला की पंखा गप्प राहतो, गॅसचा दाब फार चढला किंवा इंजिनचं पाणी फारच तापलं तरच मोठ्या वेगाने धावतो. रस्त्यावर पळताना समोरचा वारा पंख्याचं काम करतो, म्हणून बायपासला काही जाणवत नव्हतं. सिग्नलवर वारा नाही, पंखाही नाही. उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही.

पुण्याच्या भाच्याला रात्रीच व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "मामा, बंपर काढच. पानं बघितलीस का आत?"

बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. स्क्रू काढायला अर्धा तास, आणि एकट्याने बंपर ओढताना रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून बायको दुसरं टोक धरून उभी राहिली. डावीकडच्या भोकात हात घातला आणि मूठभर कुजलेला पाला आला. कडुलिंबाच्या काड्या, गुलमोहराची बारीक पानं, एक पिवळं पडलेलं तिकीट, पतंगाचा मांजा, आणि खाली चहाच्या गाळासारखा काळा, ओला थर. दोन्ही बाजूंचं मिळून पाऊण बादली भरली. ही गाडी नाकाने पानं ओढून घेते, आणि ती बाहेर पडायला जागा नाही. ओली पानं कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांना चिकटून राहतात आणि ॲल्युमिनियम खातात. पुष्कळ बॉक्स्टरचे कंडेन्सर असेच खालच्या कडेला सडून गळतात.

वरवर झाडून भागत नाही, हे आवर्जून सांगतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट असते. खरी घाण तिथे बसते, आणि ती समोरून दिसत नाही. मी कंडेन्सरच्या पट्ट्या सैल केल्या, नळ्यांना ताण न देता तो दोन बोटं पुढे घेतला आणि विजेरी मारली. मधे धुळीची अख्खी गादी होती, करड्या नमद्यासारखी, बोटाने सोलून निघणारी. ती हातात घेऊन मी क्षणभर तसाच बसलो. कोल्ड स्टोरेजचा जुना कंडेन्सर आठवला: उघड्यावर नळ्यांची भिंत, वरून पाणी ठिबकतंय, आणि नळ्यांवर हिरवंगार शेवाळ. फेब्रुवारीत बटाट्याचे ट्रक यायच्या आधी आम्ही आठ दिवस फक्त ते शेवाळ आणि क्षार खरवडत असू. तो आठवडा टाळला की सगळा हंगाम विजेचं बिल आणि दाब चढलेलाच. हे मी नव्या पोरांना एकतीस वर्षं शिकवलं, आणि घरच्या गाडीचं नाक एकदाही उघडलं नव्हतं.

पाणी आतून बाहेर मारलं, बागेच्या पाइपने, साबणाचं, कमी जोराने. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या आडव्या होतात आणि मग वाराच जात नाही. आडव्या झालेल्या पत्र्या फणीने एकेक सरळ केल्या. सगळा रविवार त्यात गेला. उजव्या कंडेन्सरची खालची बोटभर कड पांढरी पडून भुसभुशीत झालीय, पण तिथे तेलाचा डाग नव्हता. गॅस जिथून गळतो तिथून त्याच्याबरोबर थोडं तेलही येतं, आणि त्यावर धूळ बसून काळा डाग पडतो. डाग नाही म्हणजे बहुधा गळती नाही, असं मी तेव्हा मानलं.

रेझिस्टन्स पंख्याच्या चौकटीवरच, वाऱ्याच्या वाटेत बसवलेला. तो तापतो आणि पंख्याच्याच वाऱ्याने थंड होतो. त्याच्यावर ओल्या पाल्याची गोधडी, मग काय होणार? डावा मधोमध तडकलेला, उजव्याची तार तुटलेली. जेल रोडवर ॲल्युमिनियमच्या कवचातले १०० वॅटचे मिळाले. रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी लागतो आणि विजेचा भार मोठा, त्यामुळे साधा चिमुकला रेझिस्टन्स इथे चालत नाही. जोड मी डाख देऊन (सोल्डर करून) पक्के केले, नुसत्या पिळलेल्या तारा इथे काही महिन्यांत जळतात. एसी लावला. दोन्ही पंखे एकदम, हळू, समजूतदार आवाजात फिरायला लागले. बायकोने हात धरून बघितला.

मग गॅस. देवास नाक्याजवळ एक मुलगा गाड्यांचे एसी करतो, तो पूर्वी प्लांटवर माझ्या हाताखाली होता. त्याच्याकडे गॅस काढून वजन करायचं मशीन आहे. काढण्याआधी दाब मोजायचे गेज लावले. दुखणं पुन्हा आणून बघावं म्हणून आम्ही दोन मिनिटं पंख्याचा फ्यूज काढला: हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढची जास्त दाबाची बाजू, चौरस इंचाला ३०० पाउंडांच्या वर गेली, म्हणजे गॅस ७० अंशांच्या पुढे द्रव होत होता. लगेच फ्यूज परत लावला. पंखे फिरायला लागल्यावर काटा उतरला, पण मला हवा तितका नाही. अजून काहीतरी बाकी होतं.

वजन केल्यावर ते कळलं. गाडीच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत त्यापेक्षा १२० ग्रॅम जास्त गॅस निघाला. कमी नव्हताच. दोन उन्हाळ्यांत दोघांनी वरून ओतलेला. लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा बघून अंदाजाने भरणाऱ्यांची नेहमीची फसगत ही. बंद गाडीत काटा फक्त तापमान सांगतो: ३५ अंशांना आर-१३४ए ११५ पाउंडांच्या आसपास उभा राहतो, आत दोनशे ग्रॅम असो की हजार, थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी. किती आहे ते तराजूच सांगतो.

गळती बघायला नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला. काटा हलला नाही. तेव्हा कुठे उजव्या कंडेन्सरबद्दल माझा जीव भांड्यात पडला. सकाळी नळ्या पूर्ण रिकाम्या करायला व्हॅक्यूम पंप लावला. काटा २८ इंचांवर जाऊन थांबला आणि त्याच्याकडचा नवा पोरगा म्हणाला, "सर, तीस तक नहीं जा रहा, लीकेज है." मी त्याला जवळ बोलावलं. समुद्रकिनाऱ्यावर हवेचा दाब पाऱ्याच्या जवळजवळ ३० इंचांइतका असतो. इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे हवाच २८ इंचांची. जेवढी आहे तेवढीच निघणार. तो काट्याकडे बघत राहिला, मग वहीत लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं.

पाऊण तास पंप चालवला, अर्धा तास बंद ठेवून काटा पाहिला, मग तराजूवर सिलिंडर ठेवून स्टिकरवरच्या आकड्याला नेमका गॅस सोडला. बाहेर ४१ अंश, गाडी उभी, इंजिन संथ: हाय साइड २४०, लो ३५, मधल्या झडपेत खोचलेला थर्मामीटर ९ अंशांवर. दुरुस्तीआधी याच स्थितीत तो १९ दाखवत होता.

सगळ्यावर मिळून खर्च झाला तो कॉम्प्रेसरच्या सांगितलेल्या आकड्याच्या विसाव्या हिश्श्याइतकाही नाही. बंपर परत बसवण्याआधी आतल्या बाजूने स्टीलची बारीक जाळी लावली, काळी रंगवून, म्हणजे बाहेरून नजरेत येत नाही. जाळी फार बारीक घेऊ नका, वारा अडतो. माझी पाव इंचाची आहे. शनिवारी सकाळी गाडी पुसताना तिथे अडकलेली कडुलिंबाची पानं बोटाने काढतो, दोन मिनिटांचं काम.

परवा पुन्हा देवासला निघालो. पलासियाला लांबलचक रांग, दोनदा सिग्नल हुकला. पुढून पंख्यांचा तो हळू घुमारा ऐकू येत होता. बायकोने झडपेसमोर तळहात धरला, मग झडप थोडी माझ्याकडे वळवली आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला.