काव्यमीमांसेच्या तासाला मॅकरोनी

एम.ए.च्या वर्गात ‘काव्यमीमांसा’ लिहिणाऱ्या राजशेखराचं शब्दहरण, म्हणजे दुसऱ्या कवीचे शब्द उचलणं, चालू होतं. पद, पाद, अर्ध, वृत्त, प्रबंध हे पाच प्रकार फळ्यावर लिहून झाले तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, रॅपमध्ये दुसऱ्याची ओळ उचलली की त्याला बाइट म्हणतात, म्हणजे चावा. तो यात कुठे बसतो?” पुस्तक मिटलं आणि ‘शुगरहिल गँग’ या रॅपरांच्या गटाचं १९७९ चं गाणं ‘रॅपर्स डिलाइट’ पूर्ण ऐकलं.

उत्तरार्धात गटातल्या वंडर माइकचं जेवणाचं कडवं येतं. मित्राच्या घरचं ताट: मॅकरोनी गिचगिचीत, मटार चेंदलेले, चिकन लाकडासारखं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांपैकी एकाही चवीचं नाव नाही. दाताला आणि जिभेला जे लागतं तेवढंच. पाहुणा ‘पोट भरलं’ म्हणतो, मित्र आईला सांगतो, हा नुसता भिडेखातर बोलतोय. ताट हा विभाव, म्हणजे भावाचं कारण; ‘पोट भरलं’ हा अनुभाव, म्हणजे त्याची बाहेर दिसणारी खूण; आणि मनातलं लपवणं म्हणजे अवहित्थ, भरतानं नाट्यशास्त्रात सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येत्या-जात्या, भावांपैकी एक. अवहित्थ काढून टाका, उरते नुसती जेवणाची तक्रार. हास्य जमतच नाही. आग्रहाच्या पंगतीत बसलेल्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्याच गटातल्या बिग बँक हँकची कडवी. हँक तेव्हा पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. ओळी मात्र ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरच्या. कॅझचं एक नाव कॅसानोव्हा फ्लाय, आणि हँकच्या तोंडी ते अक्षरन् अक्षर तसंच राहिलं. वर्गाला राजशेखराचं अर्थहरण, म्हणजे दुसऱ्याची कल्पना उचलणं, आणि त्याचा पहिला प्रकार आठवला: प्रतिबिंबकल्प! नाही. प्रतिबिंबकल्पात अर्थ तोच असला तरी वाक्यरचना नवी लागते. इथे तीही नाही, म्हणून हे अर्थहरणापर्यंत पोचतच नाही, शब्दहरणातच राहतं. शिवाय आत्मस्तुतीच्या रॅपमध्ये नाव म्हणजे मुद्रा, कवीची सही. ‘तुका म्हणे’सकट अभंग उचलून आपला म्हणावा, तसं हे झालं. रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं ८४व्या पत्रात आपल्या मित्राला, ल्युसिलियसला, लिहिलंय की वाचलेलं पचवावं, नाहीतर ते स्मरणात जातं, प्रतिभेत उतरत नाही. चावा आणि पचन यांतला फरक याहून नेमका मला कुठे सापडलेला नाही.

गाण्याखाली वाजणारा, ‘शीक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ गाण्यातला बेस गिटारचा तुकडा मात्र वेगळा प्रश्न. तो वादकांनी स्टुडिओत पुन्हा वाजवला. पुढे ‘शीक’च्या रॉजर्स आणि एडवर्ड्स यांची नावं गीतकार म्हणून लागली. जुन्या चालीवर नवे शब्द बांधणं आपल्याला परकं नाही, पण चाल कुणाची हे सांगावं लागतं.

उरलेल्या वेळात मुलांना मॅकरोनीचं कडवं मराठीत हरण करायला दिलं. बहुतेकांनी मॅकरोनीच्या जागी गोळा झालेली साबुदाण्याची खिचडी ठेवली. हे आलेख्यप्रख्य, अर्थहरणाचाच दुसरा प्रकार: थोडा संस्कार, की वस्तू वेगळी भासते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं पाहुण्याची बाजूच काढून टाकली. तिच्या चार ओळी रांधणारीच्या होत्या: मीठ विसरलंय हे तिला माहीत आहे, ती वाढत राहते, पाहुणे ‘छान झालंय’ म्हणतात, आणि ती त्यांच्या पानात उरलेले घास मोजते. मूळ तेच, मांडणी पार निराळी, हाही अर्थहरणाचाच एक प्रकार. मी समासात लिहिलं: परपुरप्रवेश.