पिंपातलं जुनं पाणी

गणपतीचा हंगाम भरात होता. कोल्हापुरातल्या बापट कॅम्पात मूर्तीचा कारखाना असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, प्लास्टर बादलीतच घट्ट व्हायलंय. साच्यात घालायलाच मिळंना. वडील पोती परत पाठवतो म्हणायलेत. जरा येऊन बघता का?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तास संपवून सरळ तिकडंच गेलो. बाहेर पावसाची झड, आत रबरी साचे, काथ्याचे ढीग आणि दारात घट्ट झालेल्या बादल्या पालथ्या घालून ठोकणारी दोन पोरं. त्याच्या वडिलांचं, म्हणजे मामांचं, म्हणणं एकच, "हवा दमट हाय, माल खराब झालाय." ओल लागलेलं प्लास्टर बिघडतं हे खरंच आहे, म्हणून पोतं बदलून बघितलं. माझ्यासमोर फोडलेल्या नव्या पोत्यातलं प्लास्टरही तसंच वागलं. मग पाण्याकडं बघायला हवं होतं.

कोपऱ्यात निळं पिंप होतं. कामगार त्यातच हात आणि बादल्या खळबळून घेत होते आणि त्यातलंच पाणी नव्या घाण्याला वापरत होते. तळाला पांढरा गाळ, वर गढूळ पाणी. ते बघितल्यावर मी दोन काचेचे ग्लास मागवले. एकात नळाचं पाणी, एकात पिंपातलं. दोन्हीत वजनकाट्यावर सारखं मोजलेलं प्लास्टर. पिंपाच्या पाण्यातल्या ग्लासात थोड्याच वेळात चमचा रुतून उभा राहिला. दुसऱ्यातलं मिश्रण तेव्हा ताकासारखं हलत होतं. मामा चमचा उपटायला गेले, तर ग्लासच वर आला.

"पाण्यात असं काय हाय सर?"

स्फटिक. बारीक, डोळ्यांना न दिसणारे जिप्समचे, म्हणजे ज्या दगडापासून प्लास्टर करतात त्याचे, स्फटिक.

प्लास्टर वाळून कडक होतं असं बहुतेकांना वाटतं. तसं असतं तर ते पाण्याखाली कडक झालं नसतं, आणि ते होतं. जिप्समच्या प्रत्येक घटकात पाण्याचे 2 रेणू बांधलेले असतात. दगड साधारण 150 अंशांवर भाजला की त्यातले दीड उडून जातात, अर्धा राहतो. हेच आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस. ते पाण्यात जिप्समच्या जवळपास चौपट विरघळतं. त्यामुळं पाण्यात कालवलं की जे द्रावण तयार होतं, ते जिप्समच्या हिशोबानं गरजेपेक्षा फार जास्त भरलेलं असतं. त्यातून जिप्समचे स्फटिक सुयांसारखे बाहेर पडतात, द्रावण हलकं होतं, म्हणून आणखी प्लास्टर विरघळतं, आणखी सुया वाढतात. या सुया एकमेकींत गुंतल्या की मूर्ती उभी राहते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात समतोलाच्या तत्त्वामुळं भेटणारे ल शातेलिए यांनी 1887 सालीच हे मांडलं होतं. पहिली सुई जन्मायला मात्र वेळ लागतो, आणि कारागिराला काम करायला मिळतो तो नेमका हाच वेळ. पिंपातल्या पाण्यात तयार सुयांचे तुकडे होते. वाट बघायची गरजच उरली नव्हती.

हे नुसतं सांगून मामांना पटणार नव्हतं, आणि का पटावं? संध्याकाळी बापलेक दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर चिमूटभर कोरडं प्लास्टर, त्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब. बराच वेळ काही नाही. मग कणांच्या कडा झिजू लागल्या आणि कणांपासून लांब, मोकळ्या पाण्यात, केसासारखी एक सुई दिसली. मग दुसरी. सुया वाढत होत्या आणि शेजारचा कण बारीक होत होता. एक घन संपतोय आणि दुसरा घडतोय, मधे फक्त पाणी. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलोय, पण मामा डोळा न काढता बघत होते तेव्हा मलाही ते नव्यानं दिसलं. "आयुष्य गेलं ह्या कामात," ते म्हणाले, "आत एवढं चाललेलं असतंय व्हय?"

औषधांच्या जगात हीच गोष्ट फार महागात पडलेली आहे. एचआयव्हीवरचं रिटोनावीर 1996 मध्ये बाजारात आलं. 1998 मध्ये त्याचा दुसराच, कमी विरघळणारा स्फटिक कॅप्सूलमध्ये तयार होऊ लागला आणि त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. नव्या रूपाचे सूक्ष्म कण एकदा आवारात पसरल्यावर जुनं रूप बनवणंच अवघड होऊन बसलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. आता त्याच्या जोडीला बापट कॅम्पातलं पिंपही असतं.

कारखान्यात आता धुण्याचं पिंप वेगळं आणि कालवायचं वेगळं. मोठ्या मूर्तीला जास्त वेळ हवा असेल तेव्हा पाण्यात अगदी चिमूटभर लिंबूसत्व घालतात. ते वाढत्या जिप्समच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि वाढ रोखतं. जुनं पाणी मात्र मामांनी फेकलं नाही. तुटलेला हात किंवा सोंड जोडायची असली की त्या पिंपातलं एक पळी पाणी घेतात. जोड पटकन धरतो, आणि तो हातानं दाबून धरायला माणूस लागत नाही.