एरर न देता चुकीची बेरीज देणारी क्वेरी: माझा अनुभव

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर चालणाऱ्या एका प्रणालीत प्रत्येक ऑर्डरची थकबाकी दाखवणारा अहवाल होता. ऑर्डरमधील वस्तूंच्या एकूण रकमेतून जमा झालेल्या पेमेंटची बेरीज वजा करायची, एवढाच त्याचा हिशेब. काही ऑर्डरींची थकबाकी उणे दिसते अशी तक्रार आली आणि तिचा माग काढण्याचे काम माझ्याकडे आले. एरर कुठेही नव्हती आणि बहुसंख्य ऑर्डरींचे आकडे बरोबरही होते. ओआरएममधून (पायथन कोडवरून डेटाबेसच्या क्वेऱ्या तयार करणाऱ्या भागातून) उद्भवणाऱ्या दोषांत मला हाच प्रकार सर्वांत घातक वाटतो, कारण तयार झालेली एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतील क्वेरी, डेटाबेसच्या लेखी निर्दोष असते. फक्त आपल्याला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर ती देत नसते.

पायथन कोड वाचून फारसे हाती लागण्यासारखे नव्हते. प्रत्येक ऑर्डरला हिशेबाचे आकडे जोडणाऱ्या एकाच ॲनोटेटमध्ये दोन सम, म्हणजे बेरजा, होत्या, एक वस्तूंच्या रकमेची आणि दुसरी पेमेंटची, आणि वाचताना ते अगदी सरळ दिसत होते. म्हणून आधी प्रत्यक्ष एसक्यूएल मिळवायचे ठरवले. क्वेरीसेटमधील (जँगोत क्वेरी मांडणाऱ्या ऑब्जेक्टमधील) क्वेरी छापून पाहता येते, पण तीत मूल्ये अवतरणचिन्हांशिवाय बसवलेली असतात, त्यामुळे तारखेची किंवा मजकुराची अट असलेली क्वेरी तशीच उचलून डेटाबेसमध्ये चालवली तर ती अडते किंवा वेगळाच अर्थ घेते. जँगोचा स्वतःचा डेटाबेस लॉगर डीबग सेटिंग चालू असेल तरच क्वेऱ्या नोंदवतो. मी चाचणीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसकडूनच प्रत्येक स्टेटमेंट लॉग करून घेतले. डेटाबेसपर्यंत नेमके काय पोहोचते, याबद्दल मग शंका उरत नाही.

क्वेरीत ऑर्डरच्या टेबलाला वस्तूंचे टेबल आणि पेमेंटचे टेबल अशी दोन लेफ्ट आउटर जॉइन (जुळणारी ओळ नसली तरी ऑर्डर राखणाऱ्या जोडण्या) लावलेली होती आणि शेवटी ऑर्डरच्या आयडीवर ग्रुप बाय, म्हणजे ऑर्डरनिहाय गट, होता. इथे मी ग्रुप बाय आणि दोन्ही बेरजा काढून टाकल्या, तक्रारीतील एकाच ऑर्डरपुरती अट घातली आणि जॉइनमधून येणाऱ्या कच्च्या ओळी पाहिल्या. त्या ऑर्डरमध्ये 400, 300 आणि 300 अशा तीन वस्तू होत्या आणि 500 ची दोन पेमेंट होती, म्हणजे थकबाकी शून्य. पण दोन्ही टेबलांचा आपसांत काही संबंध नसल्याने प्रत्येक वस्तूची प्रत्येक पेमेंटशी जोडी लागून सहा ओळी तयार झाल्या होत्या. वस्तूंची बेरीज दुप्पट होऊन 2000 झाली, पेमेंटची तिप्पट होऊन 3000 झाली आणि थकबाकी उणे 1000 निघाली. ज्या ऑर्डरींत एकच वस्तू आणि एकच पेमेंट होते, तिथे गुणाकार एकाने होत असल्यामुळे आकडा बरोबर येत होता. चाचण्यांमधील नमुना डेटाही नेमका तसाच असल्याने त्या सर्व पास होत होत्या.

एकापेक्षा जास्त संबंधांवरील बेरजा एकत्र केल्यास चुकीचे उत्तर येते, ही गोष्ट जँगोच्या दस्तऐवजातच नमूद आहे. 2009 पासूनचे 10060 क्रमांकाचे तिकीटही (दोषाची नोंद) याच विषयाचे आहे. मोजणीसाठी दस्तऐवजात डिस्टिंक्ट (सारखी मूल्ये एकदाच धरणे) वापरण्याचा उपाय दिलेला आहे आणि तो योग्य आहे, कारण तिथे वेगवेगळे आयडी मोजले जातात. बेरजेला मात्र तो लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याच उदाहरणात तो लावला असता, तर दोन सारख्या रकमांपैकी एकच धरली जाऊन वस्तू 700 आणि पेमेंट 500 झाली असती. थकबाकी 200 दिसली असती आणि आकडा उणे नसल्यामुळे त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

दुरुस्तीसाठी दोन्ही बेरजा स्वतंत्र सबक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या आतील क्वेरीत, नेल्या. जँगो 1.11 पासून सबक्वेरी आणि आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतील मूल्याचा आत संदर्भ देणारे साधन) यांमुळे हे कच्ची एसक्यूएल न लिहिता करता येते. सबक्वेरीत ऑर्डरवर गट पाडण्याआधी क्रमवारी रिकामी केली, कारण ऑर्डर बायमध्ये (क्रमवारीच्या भागात) दिलेली फील्ड्स ग्रुप बायमध्येही शिरतात आणि गटांचे तुकडे पडतात. पेमेंटच नसलेल्या ऑर्डरला नल (रिकामे मूल्य) मिळत होते, तिथे नलऐवजी दुसरे मूल्य देणाऱ्या कोअलेसने शून्य दिले. रकमेचे फील्ड डेसिमल असल्यामुळे कोअलेसला आउटपुट फील्ड (उत्तराचा प्रकार) स्पष्ट सांगावे लागले, नाहीतर मिश्र प्रकारांची एरर येते. नव्या चाचणीत दोन्ही बाजूंना एकाहून अधिक ओळी आणि मुद्दाम सारख्या रकमा ठेवल्या, आणि अपेक्षित आकडे ओआरएमकडून न घेता हाताने मांडले.

तोच लॉग वाचताना ग्राहकांच्या एका यादीच्या क्वेरीत ऑर्डरचे टेबल दोनदा जोडलेले दिसले, दुसऱ्यांदा जँगोने दिलेल्या टी3 या टोपणनावाने. या महिन्यात रद्द झालेली ऑर्डर असलेले ग्राहक हवे होते, पण दोन अटी एकापाठोपाठच्या दोन फिल्टरांत असल्यामुळे एक ऑर्डर या महिन्यातील आणि दुसरीच कधीतरी रद्द झालेली असली, तरी तो ग्राहक यादीत येत होता. दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये आणल्यावर टी3 नाहीसे झाले आणि असे ग्राहक यादीतून गळाले.