या वयात दातांना तार?

"बाई, आता या वयात दातायले तार काहून लावली?" पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, हिंगणघाटच्या बसस्टँडवर, गेले १४ महिने हा प्रश्न येतो आहे. माझं वय ३९. त्याच्या मागोमाग, जरा खालच्या आवाजात, दुसरा येतो: "अन् ते न दिसणारं प्लास्टिक असते ना, ते काहून नाही घेतलं? माह्याही दाताचं पाहाचं होतं." तो विचारणाऱ्या बहुतेक जणी तिशी-चाळिशीच्या असतात आणि तोंडावर पदर धरून हसतात. मीही वर्षानुवर्षं तशीच हसले. म्हणून त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते. फटीत ब्रश पोचत नव्हता, कीटण साचायचं, चूळ भरली की रक्त दिसायचं. तालुक्याच्या एका दवाखान्यात "आजच तार लावून देतो" म्हणाले. एक्स-रे नाही, हिरड्यांकडे पाहणं नाही. मी खुर्चीवरून उठून आले, आणि उठले ते फार बरं झालं असं आज वाटतं. पुढे वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात गेले, तर तिथे आधी दोन महिने फक्त हिरड्यांवर उपचार झाले. तार नंतर.

याचं कारण तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं आणि ते मी सगळ्यांना सांगते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्यावर सतत हलका दाब आला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवीन भरतं, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. हे चाळिशीतही होतं, साठीतही होतं. पण हिरड्या सुजलेल्या असताना दात तारेनं ओढला, तर हाड झिजतच जातं आणि दात हलायला लागतो. म्हणजे अडचण वयाची नाही, हिरड्यांची आहे. वयाचा फरक एवढाच की आपल्या जबड्याची वाढ संपलेली असते. लहान मुलांमध्ये जबड्याला वळण देता येतं, आपल्याला नाही. जबडाच फार पुढे-मागे असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आता ते प्लास्टिक. त्याला अलायनर म्हणतात, दातांवर बसणारे पारदर्शक ट्रे, आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचे. चांगली गोष्ट आहे. ब्रश करायला सोपं, ओठाला टोचत नाही. पण दिवसातले २० ते २२ तास ते तोंडात हवेत, आणि पाण्याशिवाय काहीही घ्यायचं तर काढायचे. आमच्याकडे कोणाच्या घरी पाय ठेवला की चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. शाळेच्या पटनोंदणीच्या दिवसांत मी दिवसाला सहा-सात घरी चहा पिते. प्रत्येक वेळी ट्रे काढायचा, दात घासायचे, परत लावायचा, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. शिवाय मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तो राहिला की उन्हानं वाकतो, आणि वाकलेला ट्रे दातावर बसत नाही. खर्चही मला लाखाच्या वर सांगितला होता. जिची जेवणाची वेळ ठरलेली आहे, बैठं काम आहे, तिनं जरूर घ्यावेत. पण घरीच दातांचा साचा घेऊन, डॉक्टरांना न दाखवता कुरिअरनं येणारे ट्रे घेऊ नका, एवढी माझी विनंती आहे. एक्स-रेत दिसणारं हाड साच्यात दिसत नाही.

पांढऱ्या सिरॅमिक तारेचं मन झालं होतं. पण तिच्या, दातांवर चिकटवलेल्या ठोकळ्यांवरची पारदर्शक रबरं हळदीनं पिवळी पडतात, आणि आपल्या रश्श्यात हळद नाही असा दिवस कोणता?

म्हणून साधी धातूची तार. पहिले चार दिवस वरणात कुस्करलेली पोळी खाल्ली. गाल सोलला तेव्हा त्यावर लावायचं मेण मिळालं. ऊस, फुटाणे, तिळाचे लाडू बंद. एकदा ठोकळा निघाला आणि दोन गाड्या बदलून वर्ध्याला जावं लागलं, शाळेची रजा गेली. तार लावण्याआधी हा प्रवास जमेल का ते बघा. तार निघाल्यावर रात्रीचा रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, राहणारच आहे, नाहीतर दात जुन्या जागी परततात.

आणि एक, ज्यांनी भावाला तार लावायची का असं विचारलं त्यांच्यासाठी. तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खातो म्हणालात. त्याला तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत घालायला सांगा. जात नसतील, किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर तारेचा विषय बाजूला ठेवा. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते, त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो. खर्रा आजपासून बंद, आणि तोंड तपासून घ्यायचं. येत्या मंगळवारी माझी तारीख आहे. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते मी. त्याला स्टँडवर पाठवा, मी सोबत नेते.