आळशी की नाकर्ता?

स्मरणिकेत बहुतेक जण सहल नाहीतर स्नेहसंमेलन लिहितील. मला इंग्रजीच्या बाईंचा एक तास लिहायचाय. फळ्यावर दोनच शब्द होते : शिफ्टलेस आणि फेकलेस. वर्गातल्या डिक्शनरीत दोन्हींपुढे जवळपास तेच, आळशी, कुचकामी.

आमच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नाहीतर सातपूरच्या कंपन्यांत. शिफ्ट म्हणजे पाळी, हे आम्हाला पाळण्यापासून ठाऊक. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ज्याची आज सुट्टी तो शिफ्टलेस!" बाईही हसल्या. म्हणाल्या, "इथली शिफ्ट म्हणजे तजवीज, मेकशिफ्टमधली. पोटापाण्याची कसली तजवीजच जो करत नाही तो शिफ्टलेस." फेकलेस मूळचा स्कॉटलंडचा. तिकडच्या बोलीत इफेक्टचं झिजून 'फेक' झालं. ज्याच्या हातून काही निष्पन्नच होत नाही तो फेकलेस. एकोणिसाव्या शतकात थॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकामुळे तो इंग्रजीत रुळला.

तरी आमचे चेहरे कोरेच. मग बाई गोदाघाटावर आल्या. "पूर चढतोय. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलंय. एक दुकानदार म्हणतो, बघू संध्याकाळी, आणि कूस बदलतो. हा शिफ्टलेस. दुसरा सकाळपासून पळतोय. दोरी आणली, ती आखूड निघाली. टेम्पो सांगितला, पण कुठं यायचं ते सांगायचं राहिलं. पाणी मारुतीच्या कमरेला आलं तरी पोती जिथल्या तिथं. हा फेकलेस."

"पण बाई, माल दोघांचाही बुडणार!"

"बुडणारच. पण दुसऱ्याला आळशी म्हणून बघ, भांडायला येईल."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत गोऱ्यांनी काळ्या लोकांना हिणवायला शिफ्टलेस हा शब्द सर्रास वापरला. ज्यांच्याकडून मरेस्तोवर काम करून घेतलं, त्यांनाच! फेकलेस मात्र सरकारांना, पुढाऱ्यांना, बेजबाबदार आईबापांनाही चिकटतो. डिक्शनरीत हे सगळं कुठलं सापडायला?

त्या वर्षी माझ्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा होता, 'खटपट करतो.' घरी सगळे खूश. तो शेरा कौतुकाचा की दुसऱ्या दुकानदाराच्या जातकुळीतला, हे बाईंना विचारायची माझी काही छाती झाली नाही.