हवेचं भाडं: पंप, तपेलं आणि एक बॅच बिटर

६ सप्टेंबर २०२५

गणपती आज सकाळी गेले. गॅरेज दहा दिवसांनी मोकळं झालं आणि टेबलावर इंग्लंडहून आलेलं खोकं एकदाचं उघडलं. आत पितळी नळीचा, लाकडी दांड्याचा जुना हँडपंप. तिकडच्या पबमध्ये पिंपातली एल (बिटर हा या बिअरचाच कडवट प्रकार) हाताने ओढतात तो. मी इथे अमेरिकेत घरी बिअर बनवतो आणि गेली चार वर्षं मला हा हवा होता.

आता हिशेब. पंप ८५ पौंडांचा, म्हणजे साधारण ११५ डॉलर. कुरिअर ८६ डॉलर. ब्रिटनच्या मालावर तेव्हा १० टक्के शुल्क होतं, म्हणजे साडेअकरा डॉलर. आणि ते साडेअकरा डॉलर सरकारला भरून देण्याची कुरिअरवाल्यांची मेहनत २७ डॉलर! एकूण २४० ला पन्नास सेंट कमी. कर परवडला, पण कर भरणाऱ्याची हमाली त्याच्या दुपटीहून जास्त.

खोकं २७ ऑगस्टला तिकडून निघालं. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नाही ही सवलत २९ ऑगस्टला सगळ्या देशांसाठी बंद झाली, आणि माझं खोकं इथे उतरलं १ सप्टेंबरला. ही मर्यादा २०१६ पर्यंत २०० डॉलर होती, मग ८०० झाली, आणि आपण सगळे त्या नऊ वर्षांत लाडावलो. चीन आणि हाँगकाँगची सवलत तर २ मेलाच गेली होती. नळ्या जोडायच्या ट्राय-क्लॅम्पचे तुकडे, होसचे जोड, थर्मामीटरची नळी असला किरकोळ माल मी तिकडून चहाच्या पैशांत मागवायचो. एप्रिलमध्ये ३८ डॉलरला घेतलेला संच आता तोच विक्रेता इथल्या गोदामातून ६१ ला देतो. तक्रार तरी कुणाकडे करणार? स्टीलवरचं शुल्क मार्चमध्ये २५ टक्के झालं, जूनमध्ये ५०.

पण खरं दुखणं करात नाही, हे मला खोक्यावरच्या चिठ्ठीने शिकवलं. पंपाचं वजन साडेपाच किलो. भाडं लागलं साडेसात किलोचं. खोकं ५७ बाय २७ बाय २४ सेंटिमीटर. कुरिअरवाले आकारावरूनही वजन धरतात (व्हॉल्युमेट्रिक वजन): गुणाकाराला ५००० ने भागलं की ७.४, आणि वर चढवून साडेसात. मधले दोन किलो म्हणजे दांड्याभोवतीची हवा. आपल्या छंदातली भांडी आठवून बघा: केटल म्हणजे उकळायचं भांडं, फर्मेंटर म्हणजे आंबवायचं, केग म्हणजे साठवायचं पिंप. सगळी पोकळ! आपण समुद्रापलीकडून हवा मागवतो आणि तिचं भाडं भरतो.

देशातल्या देशातही तेच. इथल्या दोन्ही मोठ्या कुरिअर कंपन्यांनी १८ ऑगस्टपासून मापातला इंचाचा अपूर्णांक सरसकट वर न्यायला सुरुवात केली. २२.४ बाय १०.३ बाय ९.२ इंचांचं खोकं आधी २२ बाय १० बाय ९ धरलं जायचं, १३९ ने भागून १५ पौंड. आता तेच २३ बाय ११ बाय १० होतं आणि १९ पौंड भरतं. त्यामुळे कुणी ओरेगनमधून जुना फर्मेंटर विकत असेल तर त्याला आधी टेप लावायला सांगा.

१९ ऑक्टोबर

फराळाच्या गडबडीत पंप उघडून बसलो म्हणून घरात बोलणी खाल्ली. वॉशर झिजलेत. नवा संच इंग्लंडमध्ये ६ पौंडांना मिळतो आणि इथवर आणायला पंचवीसेक पौंड. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनच्या ओ-रिंग आणल्या, जवळच्या मापाच्या. पाणी ओढतो, पण दर ओढीला दोन थेंब खाली.

आता केटल. माझं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं, मेक्सिकन दुकानातून तामाले वाफवायला म्हणून घेतलेलं, बुडाला वाकडं झालंय. नवं स्टेनलेसचं बघितलं, किंमत बघून टॅब बंद केला. मग डोक्यात किडा वळवळला: तांब्याचं का नको? जुन्या ब्रूअरीजची केटल तांब्याचीच असे. इंग्रज ब्रूअर अजूनही केटलला नुसतं ‘कॉपर’ म्हणतात. आणि तांब्याची भांडी घडवणारी अख्खी आळी आपल्या पुण्यात आहे, कसब्यात.

मामांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी तांबट आळीत जाऊन आले. चाळीस लिटरचं सरळ उभ्या काठाचं तपेलं, वर मठारकाम (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी), दोन कड्या, वजन साडेसात किलोच्या आसपास, अकरा हजार रुपये. कारागिराने मामांना विचारलं, “एवढं कशाला हवंय? घंगाळ न्या, लोक बागेत शोभेला ठेवतात.” मामा म्हणाले, “भाच्याला पाणी तापवायचंय.” खोटं नाही. त्यात आधी पाणीच तापतं.

पाठवायचा खर्च मात्र भांड्याच्या वर. खोकं ४२ सेंटिमीटर घनाचं, म्हणजे १५ किलोचं भाडं, साडेसोळा हजार रुपये. वर भारतीय मालावर तेव्हा, ऑगस्ट २०२५ अखेरपासून, ५० टक्के शुल्क होतं. टपालाचा पर्याय त्याहून मजेदार: २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं होतं, ते गेल्या बुधवारी, १५ तारखेला पुन्हा सुरू झालं. जगातल्या ८८ टपाल खात्यांनी तेव्हा पूर्ण किंवा थोडी सेवा थांबवली होती, त्यामुळे आपण एकटे नाही एवढंच समाधान.

मामा म्हणाले, “पाठवू का तसंच?” म्हटलं, “नको मामा, ठेवा तुमच्याकडे. डिसेंबरात मीच येतोय.”

३० डिसेंबर

तपेलं घरी आलं. शुल्क शून्य, भाडं शून्य.

पार्सलची सवलत गेली तरी प्रवाशाची आहे. अमेरिकेत राहणारा माणूस परदेशातून परतताना स्वतःबरोबर आणेल त्या मालावर माणशी ८०० डॉलरपर्यंत शुल्क नाही. बाहेर किमान ४८ तास राहिलेलं हवं आणि महिन्याभरात ही सवलत आधी वापरलेली नको. तपेलं १२५ डॉलरचं. खोक्याची लांबी-रुंदी-उंची मिळून १२६ सेंटिमीटर, विमान कंपनीची मर्यादा १५८. वजनाची मर्यादा २३ किलो आणि तपेलं साडेसात. म्हणजे पोटात साडेपंधरा किलोची जागा.

ती जागा आईने बघितली. भाकरवडी, चिवडा, दोन किलो कोल्हापुरी गूळ, गोडा मसाला, मेतकूट, आणि फटींमध्ये माझे मोजे. काट्यावर २२.३ किलो. हवेचं भाडं भरायचं नसेल तर हवा काढून टाकायची, हे तिला व्हॉल्युमेट्रिक वजन न शिकताच ठाऊक होतं.

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर फॉर्मवर तपेलं आणि खाऊ दोन्ही लिहिलं. अधिकाऱ्याने खोक्यावर टिचकी मारून विचारलं, आत काय? तांब्याचं भांडं. आणि भांड्यात? भाकरवडी. त्याने ती कशी दिसते ते बघितलं आणि सोडलं.

वाटेत काठाच्या बराच खाली एक पोचा आला. आळीत असतो तर दोन ठोक्यांत निघाला असता. आता राहू दे. आतून मोजलं तर तो २४ लिटरच्या रेषेवर आहे, म्हणजे उकळीआधीच्या पातळीची खूण फुकटात मिळाली.

कल्हईबद्दल तिघांनी विचारलंय. मी केलेली नाही. वर्टचा, म्हणजे न आंबवलेल्या धान्यरसाचा, पीएच साधारण ५.२ ते ५.५, त्यात तासभर उकळल्याने उतरणारं थोडं तांबं यीस्ट शोषून घेतं, आणि तांब्यामुळे गंधकाचा वास कमी होतो हा फायदाच. अट एकच: भांडं लखलखीत हवं, हिरवट कळंक दिसला की आधी चिंच-मीठ. आंबट बिअर मात्र यात अजिबात नाही, आणि आंबवल्यानंतर बिअरला तांबं लावायचं नाही. आमटी कळकते तशी तीही बिघडते. नळासाठी भोक मी स्वतः स्टेप बिटने पाडलं आणि डाकेशिवाय भोकात आवळून बसणारा बल्कहेड जोड बसवला. डाक मुद्दाम देऊ दिली नाही, कारण जुन्या पद्धतीच्या डाकेत शिसं असू शकतं.

१८ जानेवारी २०२६

पहिली बॅच. बाहेर शून्याच्या खाली, बर्नर गॅरेजच्या दाराशी.

मॅरिस ऑटर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ३.६ किलो, क्रिस्टल माल्ट २०० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम. इंग्लिश बिटरमध्ये ब्रूअर साखरेचा पाक घालतात, मी त्याऐवजी आईचा गूळ. ६६ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात. ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे कडवट हॉप्स ५० ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला, २० शेवटी. फर्मेंटरमध्ये २० लिटर, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता) १.०४६.

उकळी २२ मिनिटांत आली. जुन्या पातेल्यात अर्धा तास लागायचा. लगेच तांब्याची आरती ओवाळू नका. बर्नरचं जेटही त्याच दिवशी साफ केलं होतं. पण उकळी सगळीकडून सारखी येते आणि बुडाला गूळ लागला नाही, हे नक्की. काठ अर्थात हाताला चटका देतो, कड्याही. फडकं विसरलो होतो.

धुतल्यावर आतून गुलाबी झालं. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, “बघ, पितांबरीशिवाय निघालं. काय उकळलंस?” म्हटलं, धान्याचं पाणी. “काढा?” तसंच काहीसं.

३१ जानेवारी

ग्रॅव्हिटी १.०११, म्हणजे ४.६ टक्के अल्कोहोल. तळघर १७-१८ अंशांवर होतं, हीटर लागला नाही. गुळाची चव शोधली तर सापडते: शेवटी, हॉप्सच्या कडवटपणामागे. पुढच्या वेळी ४०० ग्रॅम घालीन.

इथल्या दोघा ब्रूअरांना तपेली हवी आहेत आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे येणाऱ्या सासूबाईंकडे ते आशेने बघतायत. त्यांना सांगितलं, ८०० ची सवलत इथे राहणाऱ्याला. पाहुण्याला भेटवस्तूंवर फक्त १०० डॉलरची. शिवाय सासूबाईंना खोक्यात काय भरायचं ते त्यांचं ठरलेलं असतं. इंग्लंडचे वॉशर मात्र तिघांनी मिळून मागवलेत, सहा संच एका पाकिटात. रबराचे, चपटे, हवा जवळपास नाही. माणशी भाडं नऊ डॉलरच्या आत बसलं.

ते येईपर्यंत पंपाखाली वाटी ठेवली आहे.